साडेसहाचं काडतूस

कारा-जिल्गा गावात माणसाचं वय दाढीवरून नाही, गुडघ्यांवरून ठरतं. गावामागे खोल दरी आहे, दरीपलीकडे कडा आहे, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्या कड्यावर रानबोकड उतरतात. बोकडाची नजर कायम खाली असते. खालून येणारा माणूस त्याला अर्ध्या दिवसाच्या वाटेवरून दिसतो. म्हणून शिकाऱ्याने दरी उतरायची, लांबून वळसा घालायचा, बोकडाच्याही वर चढायचं आणि मग डोक्यावरून त्याला गाठायचं. बेइशेनने ऐन जवानीपासून हेच केलं. गाव त्याला मेर्गेन म्हणायचं. ज्याची गोळी वाया जात नाही तो मेर्गेन. ही पदवी कुणी कागदावर देत नाही आणि कागदावरून खोडतही नाही, पण एक दोन हिवाळे नेम चुकला की लोक आपोआप नुसतं नावाने हाक मारायला लागतात.

बेइशेन, तोलोगोन आणि कादिर हे तिघे एकाच वर्षी जन्मलेले. अशांना आमच्याकडे कुरदाश म्हणतात. कुरदाशाला काहीही बोलायची मुभा असते. भावाला जे बोललं तर डोकी फुटतील, ते कुरदाश एकमेकांना चहाबरोबर ऐकवतात. गावात असे बारा कुरदाश होते आणि हिवाळाभर त्यांची पाळीपाळीने एकेका घरी जेवणं चालायची. या जेवणांना शेरिने म्हणायचं. पहिली शेरिने बेइशेनच्या घरी आणि ती रानबोकडाच्या मटणाची, हा शिरस्ता पूर्वीपासूनचा.

पण या वर्षी तिघांचेही गुडघे संपले होते. तोलोगोनला चढताना धाप लागायची. कादिर हा गावचा जनावरांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं, माझे गुडघे घोड्याचे असते तर मी मलाच कधीच विकून टाकलं असतं. तेव्हा शेरिनेच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता दरी ओलांडायची माणसाने नाही, गोळीने. अलीकडच्या खडकावर पडून पलीकडच्या कड्यावरचा बोकड पाडता येईल अशी नवी बंदूक घ्यायची. बंदुका दुकानात रांगेने उभ्या असतात. खरा प्रश्न होता, कुठल्या काडतुसाची घ्यायची.

या प्रश्नावर कादिरच्या घरी सगळे जमले आणि चहाची किटली चार वेळा भरली गेली.

"तीनशे अडतीस," तोलोगोन म्हणाला. तो परदेशी शिकाऱ्यांच्या तळाला घोडे पुरवायचा, त्यामुळे बंदुकांच्या बाबतीत स्वतःला अर्धा परदेशी समजायचा. "काडतूस असं, माझ्या पंजाएवढं. दीड किलोमीटरवर लागते गोळी. मी स्वतः पाहिलंय."

"कुठे?"

"फोनवर."

"फोनवर मी काल बोलणारं मांजर पाहिलं," कादिर म्हणाला. "जुनं रशियन काडतूसच बरं. आत-बाशीच्या बाजारात कांद्या-बटाट्यासारखं मिळतं. तुझं ते अडतीस संपलं की काय करशील? नळीत जर्दाळूच्या बिया भरशील?"

"जुन्याची गोळी दरी ओलांडेपर्यंत दमते," बेइशेन सावकाश म्हणाला. "शिवाय आपल्या दरीत दुपारनंतर वारा सुटतो, तो तिला बाजूला ढकलतो. मला विचाराल तर साडेसहा मिलिमीटरचं घ्यावं. गोळी बारीक, पण लांबुडकी. वारा कापत जाते. बोकड शंभर किलोचा, दरी पाचशे मीटरांच्या आतली. तेवढ्याला पुरून उरतं."

"साडेसहा!" तोलोगोनने कपाळावर हात मारला. "अरे, त्याने माझी म्हातारी अंगणातले कावळे हाकलते. आणि वरच्या पट्ट्यावर तो म्हातारा बोकड बसतो त्याचं काय? शिंगं बघितलीस त्याची? मागे वळून पाठीला टेकतात. किती वर्षं तो माझ्याकडे बघून रवंथ करतोय! तो आठशे मीटरवर आहे. त्याला तुझी साडेसहाची गोळी जाऊन सलाम करेल आणि परत येईल."

"नाकापेक्षा मोती जड होईल हो," कादिर म्हणाला. "ते मोठं काडतूस खच्चून लाथ मारतं."

"नाक कुणाचं? माझं?" तोलोगोन बेइशेनकडे वळला. "खांदा तर याचा आहे. काय रे मेर्गेन, सोसेल ना तुला?"

बेइशेनच्या आयुष्यात खरं बोलण्याची याहून सोपी वेळ आली नसेल. वसंतात कळप वरच्या कुरणात नेताना त्याचा घोडा नदीत घसरला होता आणि बेइशेन उजव्या बाजूवर दगडात आपटला होता. गळ्याखालचं हाड मोडलं. महिनाभराने ते जुळलं, पण वेडंवाकडं. आता बरं आहे, असं त्याने गावात सांगितलं आणि गावाने मान्य केलं. उन्हाळ्यात एकदा तो कुणाला न सांगता जुनी बंदूक घेऊन ओढ्याकडे गेला होता. पहिल्या गोळीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते त्याने सोसलं असतं. पण दुसऱ्या वेळी चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे आपोआप मिटले. तिसऱ्या वेळीही मिटले. समोरच्या दगडाला एकही गोळी लागली नाही. खांदा दुखणं वेगळं आणि खांद्याला भीती बसणं वेगळं, हे त्याला त्या दिवशी कळलं. डोळे मिटणारा मेर्गेन म्हणजे बुजगावणंच.

"मला काय धाड भरलीय?" बेइशेन म्हणाला. "तोफ आणा, तीही चालवतो."

"ऐकलंत?" तोलोगोनने मांडीवर थाप मारली. झालं. शेरिनेचं मत तीनशे अडतीसवर पडलं. तोलोगोनच्या पुतण्याकडे गाडी होती, तेव्हा बिश्केकला जाऊन बंदूक आणायचं कामही तोलोगोनकडेच आलं.

घरी आल्यावर बेइशेनने हे सगळं बायकोला, उल्कानला, सांगितलं. त्याच्या खांद्याची खरी गोष्ट तिला एकटीला माहीत होती, कारण रोज मार्मोट या डोंगरी जनावराची चरबी चोळणारी तीच होती.

"अहो, मग सांगून टाका ना त्यांना," ती चरबीची वाटी चुलीजवळ ठेवत म्हणाली. "कुरदाश तुमचे. फार तर काय, हसतील."

"हसतील त्याचं काही नाही. हसून झाल्यावर गप्प बसतील ना, ते नको मला. मग बंदूक दुसऱ्या कुणाच्या हातात देतील, मला चहा नेऊन देतील, आणि म्हणतील, बस हो तू इथे उन्हात."

"आणि डोळे मिटून गोळी मारलीत, बोकड नुसता जखमी होऊन कड्याआड गेला, तर?"

रानातल्या खुरांच्या जनावरांचा वाली कायबेरेन. त्याचं जनावर मारावं तर एका गोळीत मारावं. लंगडत सोडलं तर ते पाप घरापर्यंत मागे येतं, असं त्याच्या बापाने त्याला बंदुकीच्या आधी शिकवलं होतं. ते चार दिवस त्याचा घास घशाखाली उतरला नाही. शेरिनेच्या आधी ताप आला असं सांगावं की पाय मुरगळला असं सांगावं, एवढाच विचार तो करत राहिला.

पाचव्या दिवशी तोलोगोन परतला. दुकानासमोर दहा-पंधरा माणसं जमली होती. त्याने गाडीतून लांबट खोकं काढलं, वर काडतुसांची डबी ठेवली, आणि कादिरने डबी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"हे काय? ही तर साडेसहाची आहेत!"

"हो," तोलोगोन म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"आणि तीनशे अडतीस?"

"त्या सैतानाचं नाव काढू नकोस माझ्यापुढे. सांगतो. दुकानदार म्हणाला, मागे मैदान आहे, आधी चालवून बघा. मी म्हटलं, आम्ही काय कालची पोरं आहोत? झोपलो, दस्ता खांद्याला लावला, चाप ओढला." इथे त्याने डोळे मोठे केले. "बाबांनो, माझ्या बापाने मारलं नव्हतं तसं मारलं तिने मला. टोपी तिकडे, मी इकडे. कानात अजून घंटा वाजतेय. आणि डोळ्यांतून पाणी! मला वाटलं, दोन थेंब येतील आणि थांबतील. कसले थांबतात! दुकानदाराच्या मुलीने मला पाणी आणून दिलं. म्हणाली, काका, रडू नका."

दुकानासमोर असा हशा उठला की आतली मांजर पळाली. कुणीतरी विचारलं, दुसरी गोळी मारलीस की नाही? तोलोगोन म्हणाला, दुसरी मारायला जागेवर कोण होतं, मी तर कुंपणापाशी पोचलो होतो. मग त्याने पडलेला माणूस आणि उडालेली टोपी यांची नक्कल करून दाखवली. पोरांनी ती लगेच उचलली. पुढे कित्येक दिवस तोलोगोन रस्त्याने निघाला की कुणी ना कुणी टोपी हवेत उडवून धुळीत लोळण घ्यायचा.

बेइशेन तर हसून हसून भिंतीला टेकला. छातीवरची शिळा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्याला झालं होतं. अल्लाने ऐकलं, तेही तोलोगोनला कुंपणापर्यंत फेकून, असं त्याला वाटलं. आणि त्या आनंदात तो सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "अरे, या रडूबाईला कुणीतरी फडकं द्या रे!"

तोलोगोनने खरोखरच एकाच्या खिशातलं फडकं ओढून नाक शिंकरलं.

नवी बंदूक घेऊन बेइशेन दुसऱ्याच दिवशी सकाळी ओढ्याकडे गेला. पहिल्या गोळीला त्याचे डोळे मिटले, ही सवय. पण धक्का एवढाच बसला की जसं शेजारच्याने गमतीने ढकलावं. दुसऱ्या गोळीला एक डोळा उघडा राहिला. चौथ्याला त्याने बंदुकीवरच्या दुर्बिणीतून आपल्या गोळीने उडवलेली दगडाची कपची स्वतः पाहिली, आणि तो तिथेच गवतावर पालथा पडून राहिला. खांदा होता. डोळे होते. तो अजून होता.

मग रोज थोड्या गोळ्या, कधी जवळून कधी लांबून, असं करत त्याने ते काडतूस ओळखीचं करून घेतलं. बाहेरच्या थंडीत गारठलेलं काडतूस साडेचारशे मीटरवर वीतभर खाली लागतं, म्हणून तो काडतुसं कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवू लागला. पाचशेच्या पुढे मात्र गोळीचा जोर ओसरतो आणि वाऱ्याचा हिशेब हातात राहत नाही, हेही त्याने पाहिलं. त्यापुढे आपण मारायचं नाही, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कादिरला तळावरच्या एका लंगड्या घोड्यासाठी औषध पोचवायचं होतं आणि बेइशेन त्या बाजूला चाललाच होता, म्हणून त्याने पुडी बेइशेनकडेच दिली. परदेशी शिकाऱ्यांचा तळ दरीच्या वरच्या अंगाला, दोन तंबू आणि एक लाकडी खोली. बेइशेन घोड्यांच्या तबेल्यामागून वर चढत होता, एवढ्यात असा धमाका झाला की त्याचा घोडा जागच्या जागी फिरला. त्याने तबेल्याच्या कडेने डोकावून पाहिलं.

पुढच्या मोकळ्या जागेत चटईवर तोलोगोन पालथा पडला होता. खांद्याला पाहुण्यांची लांबलचक बंदूक, शेजारी पितळेची रिकामी टरफलं, पंजाएवढी. त्याने पुन्हा चाप ओढला. आजूबाजूची धूळ उडाली, तोलोगोनचं धिप्पाड अंग जेमतेम हललं, आणि तो शेजारी उभ्या दुभाष्याला हसत हसत म्हणाला, "अहाहा! पाहुण्यांना सांग, लिंबाएवढ्या जागेत तीन गेल्या. प्रवासात काही हललेलं नाही. अजून दोन मारू का, नुसत्या चवीला?"

तळाचा स्वयंपाकी बादली घेऊन बेइशेनजवळून चालला होता. "दरवर्षीचं आहे हे," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या बंदुका तपासायच्या म्हटलं की याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नसतो. तीनशे अडतीस म्हणजे याचा जीव की प्राण."

बेइशेनने औषधाची पुडी स्वयंपाक्याच्या हातात दिली आणि तोलोगोनला न भेटता तो परत फिरला. अर्ध्या वाटेत तो घोड्यावरून उतरला आणि लगाम हातात धरून चालू लागला, कारण बसून त्याला विचार करता येईना. टोपी उडाली नव्हती. कुणी रडलं नव्हतं. दुकानदाराच्या मुलीने पाणी आणलं नव्हतं. तोलोगोनला ती बंदूक सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती, बिश्केकला गेला तेव्हा ती त्याच्या हातात होती, आणि त्याने ती तिथेच ठेवली. वर गावभर स्वतःचं हसं करून घेतलं, म्हणजे कुणी दुसरं कारण शोधायलाच जाऊ नये. आणि आपण त्याला रडूबाई म्हणालो. बेइशेनला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण त्याहून जास्त त्याला तोलोगोनला गच्च मिठी मारावीशी वाटली. ती मारली असती तर तोलोगोन म्हणाला असता, बाजूला हो, माझ्या बरगड्या काय फुकटच्या आहेत?

शिकारीच्या दिवशी कादिर घोडा घेऊन पहाटेच पुलावरून पलीकडे गेला आणि कड्याच्या पायथ्याशी झुडपात दबून बसला, म्हणजे बोकड पडला की बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायला माणूस असावा. बेइशेन आणि तोलोगोन अलीकडच्या खडकावर पालथे पडले. ऊन चढलं तसे बोकड उतरू लागले, एकामागून एक, नऊ-दहा.

"तोलोगोन," बेइशेन हळूच म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय."

"बोकडाला सांग. माझी शिकार करायची नाहीये."

"मी तळावर..."

"गप रे! वर बघ."

बेइशेनने वर पाहिलं. वरच्या पट्ट्यावर तो म्हातारा बोकड येऊन उभा राहिला होता. शिंगं पाठीला टेकलेली, दाढी वाऱ्यावर. अख्खा कडा आपल्या बापाचा असल्यासारखा तो उभा होता. अंतर, आठशेच्या वर. तोलोगोन दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत राहिला. एरवी चाळीस शब्दांशिवाय श्वास न घेणारा हा माणूस, पण ओठ मिटून नुसता बघत राहिला. मग त्याने दुर्बीण स्वतःच्या हाताने खाली वळवली.

"डावीकडचा, काळपट," तो म्हणाला. "साडेचारशे. तरणा आहे, मटण चांगलं लागेल. वारा उजवीकडून, थोडाच."

बेइशेनने कोटातून ऊबदार काडतूस काढलं आणि नळीत सारलं. बिस्मिल्ला म्हटलं. त्याचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. धक्का आला आणि गेला, आणि दुर्बिणीत त्याने बोकडाचे पुढचे गुडघे दुमडताना पाहिले. एक पाऊलही न टाकता तो खाली बसला, कलंडला आणि घसरणीवरून घरंगळत कादिरच्या झुडपाकडे गेला. काही वेळाने पलीकडून कादिरने टोपी हलवली.

"बघ," तोलोगोन म्हणाला, "कावळे हाकलायचं काडतूस." आणि तो इतका खूश होऊन हसला की बेइशेनला आणखी बोलणं जमलंच नाही.

शेरिनेला दुपारपासून माणसं जमली. बारा कुरदाश जाजमावर गोल बसले. मधे भाकऱ्या, कणकेचे तळलेले बोरसोक, लोणी. आतल्या चुलीवरून मटणाचा वास येत होता. शेरिनेला एक पंच असतो. उशिरा येणाऱ्याला, भांडणाऱ्याला, खोटं बोलणाऱ्याला तो दंड करतो, आणि दंड बहुतेक वेळा गाण्याचा असतो. यंदा पंच होता असानाली, जुना ट्रकचालक, पोट असं की त्याच्यासमोरचा वाडगा त्याला दिसायचा नाही.

"तोलोगोन," पंचाने फर्मावलं, "जेवणाआधी बिश्केकचा प्रसंग. टोपीसकट."

तोलोगोन आनंदाने उठला. पडला, लोळला, टोपी छतापर्यंत उडवली, या वेळी तर दुकानदाराच्या मुलीचा आवाजही काढला. माणसं जाजमावर आडवी झाली. बेइशेन हसला नाही. तो मटणाची परात घेऊन आत आला होता. यजमान म्हणून वाटणी त्याची होती, कुणाला कुठलं हाड द्यायचं ते तोच ठरवणार. त्याने मांडीचं मोठं हाड उचललं, जे बोकड मारणाऱ्याने स्वतः खायचं असतं, आणि ते तोलोगोनच्या ताटात ठेवलं.

"अरे, अरे!" सगळे ओरडले. "रडूबाईला मानाचं हाड?"

"त्याला तसं म्हणू नका," बेइशेन म्हणाला. परात खाली ठेवायचीही त्याला शुद्ध नव्हती. "तो पडला नाही आणि रडलाही नाही. तीनशे अडतीस तो हसत हसत चालवतो, मी तळावर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्याला ती सोसत नाही तो मी आहे. माझं हाड नीट जुळलेलं नाही. जुन्या बंदुकीलाही माझे डोळे मिटतात. मी तोफ चालवतो म्हणालो, ते खोटं होतं. हे साडेसहाचं काडतूस त्याने माझ्यासाठी आणलं आणि माझं नाव झाकायला स्वतःचं नाव उघड्यावर टाकलं. आता मला मेर्गेन म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याला हसायचं नाही."

तोलोगोनचा चेहरा लालबुंद झाला.

"गाढवा!" तो म्हणाला. "एवढे दिवस मी गावातल्या शेंबड्या पोरांकडून टोप्या उडवून घेतोय, ते काय तू असं एका फटक्यात मातीत घालावंस म्हणून?"

"पण तुला कळलं कसं?" कादिरने त्याला विचारलं.

"कसं म्हणजे? तुझ्याच घरी याने मला चहाचा वाडगा डाव्या हाताने दिला. डाव्या! मला इतका राग आला, म्हटलं हा माझा अपमान करतोय. गाडीत बिश्केकपर्यंत रागातच होतो. दुकानात ती बंदूक उचलली, खांद्याला लावली, आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की उजवा उचलत नसेल याचा."

"मग मला विचारायचंस," बेइशेन म्हणाला.

"आधी विचारलंच होतं! सोसेल ना, म्हणून विचारलं. तोफ आणा म्हणालास. पुन्हा विचारलं असतं तर दोन तोफा म्हणाला असतास."

हे इतकं खरं होतं की बेइशेनलाच पहिल्यांदा हसू फुटलं, आणि मग सगळ्यांना.

"पण तो म्हातारा बोकड," बेइशेन म्हणाला. "तुझी शिंगं..."

"शिंगं काय शिजतात?" तोलोगोन हाड उचलत म्हणाला. "मोठी बंदूक आणली असती तर तू घरी बसला असतास. तू नसताना मी खडकावर पडून करणार काय होतो? कादिर तिकडे खाली. भांडणार कुणाशी?"

बेइशेनने परात खाली ठेवली, हात कोटाला पुसला आणि म्हणाला, "रहमत, तोलोगोन."

आता मात्र खरोखरच सगळे गांगरले. रहमत म्हणजे आभार. ते पाहुण्याचे मानतात, डॉक्टरचे मानतात, ओझं उचलू लागणाऱ्या वाटसरूचे मानतात. कुरदाशाचे आभार मानणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करण्यासारखं. तोलोगोनने हाड तोंडापासून खाली घेतलं आणि असा बघू लागला की याला ताप तर नाही ना.

"दंड!" पंच असानाली गरजला. "कुरदाशाचे आभार मानले! मी पंच असताना असा गुन्हा झाला नव्हता. एक गाणं!"

बेइशेनचा आवाज असा की तो गाऊ लागला की लांडगा आला समजून मेंढ्या कळपात जवळ सरकतात. "म्हणतो," तो म्हणाला. "पण माझं अजून झालेलं नाही. रहमत."

"दोन!"

"रहमत."

"तीन! अरे, याचं तोंड धरा कुणीतरी, मटण गार होईल!"

आतल्या दारात उल्कान चहाची किटली घेऊन उभी होती. ती सगळं ऐकत होती. "पंच," ती म्हणाली, "मी काही तुमची कुरदाश नाही, मला दंड लागत नाही. तेव्हा मीही म्हणून घेते. रहमत, तोलोगोन भावजी. हे चार दिवस जेवले नव्हते."

तिला दंड लागू होतो की नाही यावर पंचाला काही सुचेना. बेइशेन गायला उभा राहिला. पहिलं गाणं त्याला अर्धंच येत होतं, दुसऱ्याचे शब्द तो विसरला, आणि तिसरं इतकं वाईट निघालं की तोलोगोनला राहवलं नाही. तो ताटावरून उठला, मटणाचा हात टोपीला पुसला, बेइशेनच्या डाव्या बाजूला जाऊन त्याच्या चांगल्या खांद्यावर हात टाकला, आणि त्याच्याहूनही बेसूर आवाजात गाऊ लागला.